गणिताच्या सरावातील व्यवहार

गणिताच्या सरावासाठी विद्यार्थ्यांना जी उदाहरणे द्यावयाची, ती नित्याच्या व्यवहारातून उचलावीत की नाही, हा प्रश्न आपल्या शिक्षणक्षेत्रात अधूनमधून उपस्थित होतो, आणि प्रत्येक वेळी तो जणू आजच जन्मास आला आहे अशा थाटात त्याची चर्चा होते. एका पक्षाचे म्हणणे असे की, बाजार, बँक, शेत, स्वयंपाकघर यांतील उदाहरणे दिली म्हणजे मुलाला गणिताची गोडी लागते व शाळेतले गणित पक्के होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, रीत एकदा शुद्ध स्वरूपात पक्की झाली म्हणजे व्यवहारातले गणित मुलाला आपोआप येते, त्यासाठी निराळा खटाटोप करण्याचे कारण नाही. दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरुद्ध उभे असले तरी त्यांनी एक गोष्ट समानच गृहीत धरलेली आहे, ती ही की एका ठिकाणी कमावलेले गणित विनासायास दुसऱ्या ठिकाणी चालते. आजवर जो पुरावा जमा झाला आहे तो मुख्यत्वे या गृहीतावरच आघात करणारा आहे, आणि म्हणूनच या विषयाचा आढावा घेताना कोणत्या पक्षाची बाजू घ्यावी यापेक्षा ही दोन गणिते एकमेकांना कोठे व कशी जोडली जातात, इकडे लक्ष देणे मला अधिक अगत्याचे वाटते.

आपल्याकडची परंपरा पाहू गेल्यास आरंभ भास्कराचार्यांपासून करावा लागतो. शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० साली, पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग जी ‘लीलावती’, तिचा प्रारंभच नाण्यांच्या व मापांच्या कोष्टकांनी होतो: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. पुढे त्रैराशिकाच्या प्रकरणात केशराचे उदाहरण आहे. तीन सप्तमांश निष्काला अडीच पळे केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पळे येते, आणि असा सौदा प्रत्यक्षात होणे शक्य आहे अशी आपली खात्री पटते. याच ग्रंथात फुलांवर पांगलेल्या भुंग्यांच्या थव्याचेही उदाहरण आहे. ते रमणीय आहे खरे, परंतु थव्याचा पंचमांश कदंबावर गेला हे मोजण्याचा प्रसंग कोणावरही येत नाही. म्हणजे व्यवहाराचे उदाहरण आणि व्यवहाराचा अलंकार चढवलेले उदाहरण हे दोन्ही प्रकार आठशे वर्षांपूर्वी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी नांदत होते, व भास्कराचार्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही. व्यस्त त्रैराशिकात तर सोळा वर्षांच्या स्त्रीचे मोल बत्तीस निष्क असल्यास वीस वर्षांच्या स्त्रीचे किती, असा प्रश्न आहे. तो वाचून आजचा वाचक दचकतो. व्यवहाराचे गणित घेतले म्हणजे त्या काळाचे नीतिनियमही गणिताबरोबर वर्गात येतात, ही गोष्ट आजच्या पाठ्यपुस्तकमंडळांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे.

पंतोजींच्या शाळेत ग्रंथापेक्षा पाठांतराला मान होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुले सायंकाळी उजळणीत एका सुरात म्हणत. सव्वा आणे शेराने नऊ शेर जिन्नस घेतला तर सव्वाअकरा आणे होतात, हे त्या मुलाला कागदाला हात न लावता सांगता येत असे. या शिक्षणात समजावून सांगणे जवळजवळ नव्हतेच, आणि त्याबद्दल पुढच्या पिढ्यांनी त्याला जो दोष दिला तो अन्यायाचा म्हणता येणार नाही. परंतु ज्या मापांनी गावात धान्य मोजले जाई व ज्या नाण्यांनी चावडीवर सारा भरला जाई, त्या मापा-नाण्यांवरच तो सराव तंतोतंत बेतलेला होता, हेही तितकेच खरे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले, आणि औटकीच्या पायाखालची जमीनच निघून गेली. गंमत अशी की, व्यवहार बदलला तरी मोजण्याची भाषा पुरती बदलली नाही. आजही भाजीवाला पावशेर म्हणतो व अडीचशे ग्रॅम देतो, सराफाचा तोळा दहा ग्रॅमचा झाला आहे, आणि जमिनीचा सौदा गुंठ्यांत ठरून सातबाऱ्यावर हेक्टर-आर असा नोंदला जातो. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद अशा गुंठ्याचे १०८९ चौरस फूट आणि एका आराचे १०० चौरस मीटर, यांत शेकडा एकाहून किंचित अधिक तफावत पडते. ही तफावत नेमकी किती व ती कोणाच्या पदरात जाते, हे सातवीतल्या मुलाला काढावयास दिले तर एकक बदलण्याचा जो सराव होईल तो पाठ्यपुस्तकातल्या वीस कोरड्या उदाहरणांनी होणार नाही, असे माझे मत आहे.

इंग्रजी अमलात जर्व्हिस या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मराठीत गणिताची छापील पुस्तके झाली, पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांचे अंकगणित गाजले, आणि नफातोटा, सरळव्याज, भागीदारी, काळ-काम-वेग ही प्रकरणे मराठी मुलाच्या नशिबी कायमची लागली. हौद भरणाऱ्या नळांची उदाहरणे ही साहेबाची देणगी, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु एक दिवस, अर्धा दिवस, तृतीयांश दिवस आणि षष्ठांश दिवस अशा वेळांत विहीर भरणारे चार झरे एकदम सोडले तर ती किती वेळात भरेल, हा प्रश्न ‘लीलावती’तच आहे व त्याचे उत्तर दिवसाचा बारावा भाग असे आहे. तेव्हा या परंपरेबद्दल केवळ परकीयांना बोल लावण्यात अर्थ नाही.

विसाव्या शतकात या बाबतीत सर्वांत धीट प्रयोग झाला तो वर्ध्याच्या भूमीत. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षणपरिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. या योजनेत उदाहरणे व्यवहारातून आणावयाची नव्हती, कारण उद्योग वर्गातच चालावयाचा होता. टकळीवर मुलाने स्वतः काढलेले सूत, चार फुटांचा एक तार, अशा ६४० तारांची एक गुंडी, तिचे वजन, त्यावरून सुताचा अंक, दिवसाची गती, महिन्याची मजुरी या सगळ्याचा हिशेब त्याने मांडावयाचा. उत्तर चुकले तर ते पुस्तकामागच्या पानावर पाहावे लागत नसे, वजनकाटाच ते सांगे. उद्योग व शिक्षण यांचा हा समवाय उत्तमच होता. पण त्याची मर्यादाही लवकरच दिसली. सुतातून अपूर्णांक व सरासरी सहज निघतात, समीकरणे व भूमिती तितक्या सहजासहजी निघत नाहीत, आणि जेथे त्या ओढूनताणून काढल्या गेल्या तेथे शिक्षकाची तारांबळ झाली. शिवाय नई तालीमच्या बुनियादी शाळेतल्या मुलाला पुढे जी परीक्षा द्यावयाची होती तीत टकळीला जागा नव्हती.

यानंतरचा पुरावा बहुतांशी परदेशातला आहे. फ्रान्समधील ग्रनोबल येथील गणित-अध्यापन संस्थेने १९८० च्या सुमारास दुसरी-तिसरीतल्या ९७ मुलांना एक प्रश्न घातला: जहाजावर २६ मेंढ्या व १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे कसे तरी जोडून उत्तर दिले. त्याच सुमारास अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले गेले की, एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना किती बसगाड्या लागतील? सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला, परंतु ३२ हे उत्तर जेमतेम पाव मुलांनी लिहिले. बाकीच्यांतल्या पुष्कळांनी ३१ गाड्या व बाकी १२ असे लिहून समाधान मानले. बारा सैनिकांना रस्त्यावर सोडून देण्याइतकी ही मुले मंदबुद्धीची नव्हती. शाब्दिक उदाहरणातल्या मजकुराकडे लक्ष द्यावयाचे नसते, आकडे वेचून रीत लावावयाची असते, हा धडा शाळेने त्यांना न शिकवता शिकविला होता. आपल्या वर्गांतही उदाहरण वाचून होण्याआधीच ‘बाई, हे गुणाकाराचे की भागाकाराचे?’ असा जो प्रश्न येतो, तो त्याच धड्याचे फळ आहे.

याची दुसरी बाजू ब्राझीलमधील रेसिफे शहराच्या रस्त्यांवर दिसली. टेरेझिन्हा नुनेस काराहेर, डेव्हिड काराहेर व आनालूसिया श्लीमान यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात सतत उद्धृत होतो, आणि ते योग्यच आहे. मुले फक्त पाच होती, वये नऊ ते पंधरा, सगळी रस्त्यावर माल विकणारी. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांत त्यांची ९८ टक्क्यांवर उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणांच्या रूपाने विचारले तेव्हा सुमारे ७४ टक्के, आणि नुसती आकडेमोड दिली तेव्हा अवघी ३७ टक्के. नारळ विकणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाला ३५ क्रुझेरोंचा एक याप्रमाणे दहा नारळांचे किती, असे विचारले असता, तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, पुढे आणखी तीन, म्हणजे ३१५, आणि वर एक, असे करीत त्याने ३५० हे उत्तर काढले. दहाने गुणण्यासाठी शून्य द्यावे हे त्याला सुचलेही नाही. असे हिशेब लीलया करणाऱ्या मुलांतल्या एकाला कागदावर ३५ गुणिले ४ करावयास दिले तेव्हा त्याने चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस, असे म्हणत २०० लिहिले. हातचा केव्हा मिळवावयाचा हे तो चुकला हे उघड आहे. पण चार नारळांचे दोनशे होत नाहीत हे जाणणारा विक्रेता त्याच्याच ठायी होता, आणि कागदावरच्या मुलाने त्याला विचारलेच नाही. जीन लेव्ह या विदुषीच्या १९८८ च्या ग्रंथात याच्या उलट घरगुती चित्र आहे: दोन तृतीयांश कप मऊ चीजच्या तीन चतुर्थांशाची गरज असलेल्या एका गृहस्थाने दोन तृतीयांश कप मोजून फळीवर त्याची चकती थापली, तिच्यावर फुली काढली व एक पाव बाजूला सारला. उत्तर अर्धा कप येते हे त्याने लिहून काढले नाही. त्याला त्याची गरजही नव्हती.

या विषयावर आपल्या देशातही आता चांगला ऐवज जमला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्यूफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची पाहणी करून २०२५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाजारातली मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी बिनचूक करीत, पण तेच गणित शाळेच्या पद्धतीने मांडले की अडखळत; आणि केवळ शाळेत जाणारी मुले वहीतले गणित बऱ्यापैकी करीत, पण बाजारातला सौदा समोर आला की त्यांतली शंभरात एखादेच मूल निभावून नेई, जेथे काम करणाऱ्यांतली एक तृतीयांशाहून अधिक मुले निभावून नेत. या निष्कर्षाने दोन्ही पक्षांचे गृहीत एकाच फटक्यात निकालात निघते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अरिंदम बोस व के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या घरगुती उद्योगांत हातभार लावणाऱ्या मुलांचे गणित जवळून तपासले आहे. पाव, अर्धा, पाऊण या अपूर्णांकांशी त्या मुलांची जी घसट आहे तिचा शाळेच्या अपूर्णांकांच्या प्रकरणात काहीच उपयोग करून घेतला जात नाही, हे त्यांच्या कामावरून मला सर्वांत ठळकपणे जाणवले.

मग उपाय कोणता? हॉलंडमध्ये हान्स फ्रॉइडेन्थाल या गणितज्ञाने १९७० च्या दशकापासून उट्रेख्त येथे जी वास्तवाधिष्ठित गणिताची चळवळ उभी केली, तिचे म्हणणे असे की, व्यवहाराचा प्रसंग हा प्रकरणाच्या शेवटी सरावासाठी न ठेवता आरंभीच द्यावा आणि मुलाने आपल्या ओबडधोबड पद्धतीतून हळूहळू रीतीपर्यंत चढत जावे. कल्पना मला पटते. परंतु त्याच देशाच्या विज्ञान अकादमीने २००९ साली उपलब्ध पुरावा तपासून असा अभिप्राय दिला की, या पद्धतीची व जुन्या पद्धतीची तुलना करता कोणतीही एक निर्विवाद सरस ठरत नाही. अमेरिकेत कमिन्स्की, स्लाउट्स्की व हेकलर यांनी २००८ साली तर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून असे दाखविले की, अमूर्त चिन्हांनी शिकलेले तत्त्व नव्या ठिकाणी अधिक चांगले लागू करता येते, कारण ठोस उदाहरणाचा तपशीलच मनाला चिकटून बसतो. या प्रयोगांवर पुढे बरेच आक्षेप आले व ते वजनदार आहेत; तरीही नुसता बाजार वर्गात आणला की काम झाले असे मानणाऱ्यांना ही सूचना उपयोगाचीच आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे व्यवहारी उदाहरणाची कसोटी अशी: प्रसंगातला तपशील बदलला तर उत्तर, किंवा निदान उत्तराचा अर्थ, बदलतो काय? रमेशने आठ आंबे घेतले याऐवजी सुरेशने आठ पेन घेतले असे केल्याने काहीच बदलत नसेल, तर ते उदाहरण कोऱ्या आकडेमोडीहून वेगळे नाही, आणि आकडेमोडच करवून घ्यावयाची तर ती उघडपणे करवून घेतलेली बरी. गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ जी पावती मिळते ती घ्या. गाईच्या दुधाचा दर साधारणपणे साडेतीन फॅट व साडेआठ एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) धरून ठरतो आणि त्याखाली उतरलेल्या प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, कपात होते. समजा, मूळ दर लिटरला ३४ रुपये, फॅटच्या प्रत्येक पॉइंटला ३० पैसे व एसएनएफच्या प्रत्येक पॉइंटला एक रुपया कपात. ६.४ लिटर दूध, फॅट ३.३ व एसएनएफ ८.४ लागला, तर दर ३२ रुपये ४० पैसे पडून रक्कम २०७ रुपये ३६ पैसे होते. येथवर नुसता दशांश अपूर्णांकांचा सराव झाला. आता मुलांना विचारावे की, यात ६०० मिलिलिटर पाणी घातले तर? दूध सात लिटर झाले, पण फॅट ३.० व एसएनएफ ७.७ च्या आसपास उतरला, दर साडेचोवीस रुपयांवर आला, आणि हाती १७१ रुपये ५० पैसे पडले. कपातच नसती तर पाणी घालणाऱ्याला २३८ रुपये मिळाले असते. केंद्राने कपात एवढी कडक का ठेवली, ती किती सैल केली तर पाणी परवडू लागेल, आणि पाणी न घालताही जिची गाय पातळ दूध देते त्या बाईवर यात अन्याय होतो काय, हे प्रश्न मग वर्गच विचारू लागतो. यांतल्या शेवटच्या प्रश्नाला गणितात उत्तर नाही, आणि ते नाही हे कळणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

व्याजाचे प्रकरण असेच. पाठ्यपुस्तकात द.सा.द.शे. दर दिलेला असतो, तर बचत गटात बाई ‘शेकडा दोन’ म्हणतात. ते दोन महिन्याचे असतात, वर्षाचे नव्हेत. म्हणजे दर साल शेकडा चोवीस. बँकेचे बारा टक्के ऐकून गटाचे दोनच बरे असे म्हणणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आढळतील. वीस हजारांचे कर्ज महिना दोन हजारांप्रमाणे दहा हप्त्यांत फेडले, तर घटत्या मुद्दलावर व्याज २२०० रुपये होते आणि मूळ मुद्दलावर शेवटपर्यंत लावले तर ४०००. कागदावर दर मात्र दोन्हीकडे तोच. श्रेढीची बेरीज शिकविण्यास याहून चांगली संधी मला ठाऊक नाही. मात्र ज्या मुलाला ६.४ गुणिले ३२.४ करताना दशांशचिन्ह कोठे द्यावे याचीच धास्ती आहे, त्याला ना दुधातला न्याय दिसेल ना व्याजातली तफावत. तेव्हा पाढे व आकडेमोड यांचा निखळ सराव रोज थोडा वेगळा व्हावा, आणि व्यवहाराची उदाहरणे आठवड्यातून एकदोनच, पण भरपूर वेळ देऊन व्हावीत. त्यातही तोंडी काढलेला हिशेब फळ्यावर रीतीने मांडून दाखविणे व रीतीने आलेले उत्तर तोंडी पडताळून पाहणे, ही दुतर्फा ये-जा शिक्षकाने मुद्दाम घडवून आणावी. वर सांगितलेल्या सर्व पाहण्यांत हीच ये-जा हरवलेली दिसते.

पाठ्यपुस्तकांच्या आघाडीवर प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने प्राथमिक वर्गांसाठी केलेल्या ‘गणित का जादू’ या मालिकेत पाचवीचे पहिलेच प्रकरण मासेमारी व कोळणींच्या बँकेवर होते, आणि चौथीत भंगार विकत घेणाऱ्या बाईचा हिशेब होता. अशा प्रकरणांची अडचण त्यांच्या गुणातूनच निघते. कोळ्याच्या मुलाला जे रोजचे ते नागपूरच्या मुलाला गोष्टीतले असते, आणि दुधाची पावती दादरच्या मुलाला तितकीच परकी. राज्यभराला एक पुस्तक पुरविताना हा दोष टळणार नाही. तो गावच्या शिक्षकानेच भरून काढावयाचा, आणि त्यासाठी अभ्यासक्रमाच्या तासिकांत त्याला मोकळी जागा लागते, जी आज फारशी नाही.

राहिला परीक्षेचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा अडसर तेथेच आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत चार पर्यायांतला एक निवडावयाचा असतो. चारही पर्याय बहुधा आकडेच असतात. निदान शाळेच्या सहामाही परीक्षेत एखादे उदाहरण अपुऱ्या माहितीचे ठेवून ‘माहिती अपुरी आहे, अमुक गोष्ट कळावयास हवी’ या उत्तराला पूर्ण गुण देता येतील, आणि बसगाड्यांसारख्या उदाहरणात उत्तराखाली एका ओळीत कारण लिहावयास सांगून त्याला वेगळे दोन गुण राखून ठेवता येतील. यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही. मुख्याध्यापकांची संमती आणि उत्तरपत्रिका तपासताना नमुना उत्तराशी न जुळणारे उत्तर वाचून पाहण्याची शिक्षकाची तयारी एवढ्याने भागते. साठ-सत्तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असताना ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा पुष्कळच महाग पडते.